सूर्यास्तापर्यंतची परवानगी

४ जुलै, शुक्रवार

ही डायरी जानेवारीत एका भांडी कंपनीच्या माणसाने दिली होती. सहा महिने गल्ल्याखाली पडून होती. आज काढली, कारण एक गोष्ट ठरवायची आहे आणि विचारायला कोणी नाही. पंधरा वर्षं असं काही असलं की मी जिना चढून वर जायचो आणि निताला विचारायचो. ती सांगायची, मी खाली येऊन पुन्हा दुकानात बसायचो. निताला जाऊन सात महिने होतील.

गोष्ट अशी. सव्वापाच वाजता मोबाइलवर संदेश आला. ‘बुरुज’ नावाच्या गेमसाठी सोळा वर्षांखालील कोणीतरी पालकाची संमती मागत आहे, संमती असल्यास पुढील सहा आकडी कोड द्यावा, कोड दहा मिनिटं चालेल. मला वाटलं, फसवणुकीचा प्रकार आहे. पुसून टाकला. तेवढ्यात त्रिशला शाळेच्या ड्रेसवरच दुकानात आली.

“पप्पा, कोड आला काय?”

“कशाचा?”

“आला होता ना! तुमी पुसला?”

मी पुसला होता. समोर गिऱ्हाईक होतं म्हणून ती गप्प बसली. रिसोडात पोरींना एवढं वळण अजून आहे. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, “मम्मीनं हो म्हटलं होतं. दिवाळीत.” आणि पाण्याचा जग उचलून वर भरायला गेली. जग भरलेलाच होता. आईचा विषय निघाला की ती असं काहीतरी काम काढते. मी पुढे काही विचारलं नाही.

ती आठवीत आहे. तेरा वर्षं पूर्ण.

५ जुलै, शनिवार

आईला मी बाई म्हणतो. तिला सकाळी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

“गोपी, त्याच्यात माणसं मारतेत म्हणे.”

“खोटी असतेत.”

“खोटी असली तं मारतेत काहून?”

मग बाई म्हणाली, “निता असती तं तिनं असला खेळ घरात घेतलाच नसता. पालीले सुपलीत घेऊन बाहेर सोडे ते.”

हे खरं आहे. पालीला बाहेर सोडून ती वरून म्हणायचीही, “जा, आता येऊ नको.”

म्हणजे मुलगी सांगते निता हो म्हणाली होती आणि आई सांगते निता नाही म्हणाली असती. मी तिच्यासोबत पंधरा वर्षं राहिलो आणि ती काय म्हणाली असती ते मला सांगता येत नाही. याची लाज वाटते.

७ जुलै, सोमवार

दौलतसिंग येऊन गेला. हा एसटीत कंडक्टर, आमच्या मागच्या गल्लीत राहतो. वाशिमच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये माझ्याकडे चहाला बसतो. त्याचा करण पंधराचा, आणि रंजीता त्रिशलाच्या वर्गात.

“शेठ, तुमी अजून कोड देला नाई? मी तं दीड मिनिटात देला.”

“वाचलं होतं काय काय लिहेल हाय ते?”

“वाचाले चष्मा लागते. पोट्टं म्हणे, पप्पा आकडे सांगा. मी सांगतले. दिवसभर आकडेच सांगतो, त्याच्यात आखीन सहा.”

“अन् रंजीताले?”

“तिची माय नाई म्हणते. पोरगी हाय म्हणे.” मग त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तुमाले सांगतो, मंजूले नका सांगू. रंजीताचा निशाना करणपेक्षा भारी हाय. चोरून खेळते ते त्याच्या फोनवर.”

त्याला याचा अभिमान वाटत होता. तो गेल्यावर मी विचार केला, की दीड मिनिटात ठरवणारा बाप आणि चार दिवसांत न ठरवणारा बाप, यात पोरांना कोणता बरा वाटत असेल?

११ जुलै, शुक्रवार

कालपासून चातुर्मास लागला. यंदा आमच्या जैन स्थानकात महासतीजी, म्हणजे साध्वी, आहेत. व्याख्यान झाल्यावर बाईने मला पुढे ढकललं. “विचार, विचार.” चाळीस-पन्नास बायका बसलेल्या. मी विचारलं. त्या हिंदीत बोलतात, मी इथे मराठीत लिहितो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुम्ही तो खेळ पाहिला का?”

“नाही.”

“मीही नाही पाहिला. मग दोघांनी मिळून न पाहिलेल्या गोष्टीचं काय ठरवायचं? आधी पाहून या. त्यानंतरही विचारावंसं वाटलं तर विचारा.”

बायका हसल्या. बाईचा चेहरा पडला. घरी येताना ती म्हणाली, “महासतीजींनी तुले खेळाले सांगतलं काय आता?”

“पाहाले सांगतलं.”

“पाहाले म्हणजे लांबून.”

१३ जुलै, रविवार

लांबून काही कळत नाही. खेळलो.

दुकान बंद होतं. त्रिशलाने माझ्या फोनवर तो गेम घेतला. माझं वय विचारलं, चव्वेचाळीस. कोड मागितला नाही. नाव विचारलं तर मी म्हटलं, गोपीचंद. ते कोणीतरी घेतलेलं होतं. शेवटी तिने ‘गोपीशेठ४४’ असं टाकलं.

शंभर माणसं विमानातून उडी मारतात आणि एका बेटावर उतरतात. मी एका घराच्या गच्चीवर उतरलो.

“पप्पा, खाली उतरा.”

“जिना कुठं हाय?”

“उडी मारा.”

“पाय मोडन ना.”

“नाई मोडत, मारा!”

मारली. नाही मोडला. घरात शिरलो. तिथे स्वयंपाकघर होतं आणि भिंतीवर एक कढई टांगलेली. तिची एका बाजूची कडी उलटी बसवलेली होती. असली कढई मी दुकानात ठेवणार नाही. ती नीट बघत होतो तेवढ्यात मागून कोणीतरी गोळी घातली.

“कोणं मारलं?”

“तूफान_७ नं,” त्रिशला म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. “पप्पा, तुमी कढई पाहत होते!”

शंभरात चौऱ्याण्णवावा आलो. करण पहिल्यांदा शहाण्णवावा आला होता म्हणे. बाई दारात उभी होती. विचारत होती, “त्या माणसाले लय लागलं काय?” तो माणूस म्हणजे मी, हे तिला सांगितल्यावर ती आत निघून गेली.

त्रिशला अशी शेवटची कधी हसली होती ते मी आठवून पाहिलं.

१५ जुलै, मंगळवार

या गेममध्ये चौघांची टोळी करता येते. आज करणने मला त्याच्या टोळीत घेतलं. तो त्याच्या घरी, मी माझ्या, आणि कानात लावायच्या त्या वायरमधून एकमेकांचं ऐकू येतं. त्रिशला माझ्या खांद्यावरून बघत होती.

एक नवीन गोष्ट समजली. टोळीतल्या माणसाला गोळी लागली तर तो लगेच मरत नाही. पडतो. गुडघ्यावर रांगतो आणि त्याच्या नावाखाली एक लाल पट्टी कमी कमी होत जाते. ती संपायच्या आत कोणी पोचलं आणि शेजारी बसून दहा सेकंद बटण दाबून धरलं, तर तो उठतो.

करण पडला. “काका, मले उचला! काका!”

मी बंदूक टाकली आणि पळालो.

“पप्पा, अगोदर लपा ना! मारणारा तिथंच हाय!”

“तेवढा टाइम कुठं हाय?”

पोचलो. दहा सेकंद दाबून धरलं. उठला. खरंच उठला. पुढच्या क्षणी दोघांनाही गोळी लागली आणि खेळ संपला. करण चिडला होता. मी मात्र संध्याकाळी दोन फुलके जास्त खाल्ले. बाईने विचारलं काय झालं. काही झालं नव्हतं.

२० जुलै, रविवार

दौलतसिंग आणि त्याची बायको मंजू यांना पोरांसकट घरी बोलावलं. मंजू अंगणवाडीत आहे, निताची मैत्रीण. मी मुद्दे कागदावर लिहून ठेवले होते. कागद खिशातच राहिला, कारण सगळे एकदम बोलत होते.

“शेठजी, तुमी शिकलेले,” मंजू म्हणाली. “याईनं तं करणले परवानगी देली अन् मले दोन महिन्यानं सांगतलं. जसं पास काढून देला.”

“विद्यार्थ्याचा पास हाय,” दौलतसिंग म्हणाला. “सवलत हाय.”

“तुमी गप बसा.”

मग त्रिशला बोलली. “काकू, करण चालते अन् रंजीता चालत नाई, असं कसं? गेमवर सोळा लिहेल हाय. पोट्ट्याले सोळा अन् पोरीले तीस, असं नाई लिहेल.”

दौलतसिंगचा चहा बशीतून मांडीवर सांडला. मंजू तिच्याकडे बघत राहिली. “कोणाची पोरगी हाय बाप्पा ही! निताचीच.” मग म्हणाली, “खेळा तं दोघं खेळा, नाई तं दोघंबी नका खेळू.”

वेळेवरून बराच वाद झाला. अर्धा तास की एक तास, घड्याळ कोणी बघायचं. तो वाद बाईने संपवला. “आमच्या घरी सूर्य बुडाला का खाणं बंद. तसाच खेळ बंद. कोणाले भांडाची गरज नाई.”

“दादी, ढग असले तं?” करणने विचारलं.

“पंचांगात मिनिटासकट लिहेल असते बाबू. मी काय आभाळ पाहून जेवतो काय?”

आज सात वाजून तीन मिनिटं. सर्वांना मान्य झालं. दौलतसिंगच्या घरी सूर्यास्तानंतर सगळे जेवतात, पण तेही फोन ठेवतील. शिवाय टोळीत एक मोठं माणूस असलंच पाहिजे असं ठरलं. दौलतसिंग ड्यूटीवर असतो आणि मंजूला वेळ नाही, म्हणून ते मोठं माणूस मी.

मग मी माझी अट सांगितली. आमच्या घरातून गोळी चालणार नाही.

करण म्हणाला, “काका, तो गोळीचाच गेम हाय.”

“गाडी चालवा. औषधं जमवा. लपा. पडलेल्याले उचला. मी पाहिलं, लय कामं हायेत त्याच्यात.”

त्रिशलाने मान हलवली. मी फोन हातात घेतला, कोड आला, मी तिला सांगितला. आणि म्हटलं, “निता हो म्हणली होती, म्हणून मी हो म्हणतो. माह्यं काई नाई त्याच्यात.”

सगळ्यांना बरं वाटलं. त्रिशला उठून जग भरायला गेली.

२७ जुलै, रविवार

सातवे आलो. शंभरात नाही, पंचवीस टोळ्यांत. पण करण म्हणतो दोन माणसं गोळी न चालवणारी असलेली टोळी सातवी येणं हे कुठेच झालं नसेल. रंजीता आता मंजूच्या फोनवर खेळते आणि खरंच अचूक आहे. त्रिशला निताच्या फोनवरून गाडी चालवते, आणि उजवीकडे वळताना आधी हात दाखवायचा राहून गेला म्हणून हळहळते, कारण सायकलवर तशी सवय आहे. मी आज पाच वेळा लोकांना उचलायला गेलो. त्यातलं एक माणूस आमचं नव्हतंच, दुसऱ्या टोळीचं होतं. त्याला उचलता येत नाही. मी बराच वेळ बटण शोधत होतो.

बाई आता शेजारी खुर्ची टाकून बसते. पडद्यावर कोणी मेलं की हात जोडून “मिच्छामी दुक्कडं” म्हणते. माफी मागायला ती संवत्सरीपर्यंत थांबायला तयार नाही. शेवटी शेवटी माणसं भराभर मरतात तेव्हा तिची फार धावपळ होते.

घसा बसला आहे. पावसाळी हवा असेल.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. दुकानात गर्दी होती. एक जण डबा घेऊन म्हणाला, बहिणीचं नाव टाकून द्या. मी त्याला चौकातल्या दुकानात पाठवलं. त्रिशला तिथेच होती. म्हणाली, “पप्पा, आपल्याकडची नावं टाकायची मशीन बिघडली काय?”

“हाव.”

बिघडलेली नाही. ड्रॉवरमध्ये आहे.

इथे लिहून ठेवतो. डिसेंबरात लग्नसराई होती. एका लग्नाची एकावन्न भांडी होती, आणि मी शेवटच्या पराती घेतल्या होत्या. वरून त्रिशलाने हाक मारली, “पप्पा, वर या. मम्मीले कसंतरी होऊन राह्यलं.” निताला पित्ताचा त्रास होता. मी म्हटलं, “एवढं नाव पूर्ण करतो, आलोच.” नाव मोठं होतं. आडनावासकट. चार मिनिटं लागली असतील. वर गेलो तेव्हा ती जमिनीवर होती. अकोल्याला नेताना मेडशीच्या पुढे गेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव, चार मिनिटांनी काही फरक पडला नसता. त्यांनी ते दोनदा सांगितलं.

अक्षर छान आलं होतं त्या परातीवर.

१६ ऑगस्ट, शनिवार

आज अट मोडली.

आम्ही शेवटच्या तीन टोळ्यांत होतो. करण पडला, मी पळालो. उचलत होतो. सहा सेकंद झाले होते. टेकडीवर कोणीतरी उभं राहिलं, ते मला दिसलं नाही, त्रिशलाला दिसलं. गोळीचा आवाज आला आणि टेकडीवरचा माणूस खाली कोसळला. त्रिशलाने मारला होता. तूफान_७ होता, ज्याने मला कढईपाशी मारलं होतं तोच.

पहिले आलो. पडद्यावर फटाके उडाले. पलीकडे करण-रंजीता ओरडत होते.

“त्रिशला.”

“तुमी मरत होते.”

“तो गेम हाय.”

“मले माहीत हाय गेम हाय.” ती रडायला लागली. “मी तुमाले हाक मारली होती. तुमी आयकतच नव्हते. तुमी पडलेलं माणूस पाहिलं का काईच आयकत नाई.”

मी फोन बंद केला. सूर्यास्ताला अजून अकरा मिनिटं होती. म्हटलं, पर्युषण होईपर्यंत बंद. पुढे चालू ठेवायचं की नाही ते नंतर पाहू.

अट मोडली तर परवानगी जायला पाहिजे. दुकानात मी असाच वागतो. पण मला राग येत नाही आणि त्यामुळे काय करावं ते कळत नाही. निताने ठरवलेली गोष्ट मी मोडायची कशी, हाही प्रश्न आहेच.

२० ऑगस्ट, बुधवार

पर्युषण सुरू. त्रिशलाने महासतीजींपुढे आठ दिवस फोनला हात न लावण्याचं पचखाण घेतलं, म्हणजे नियम. स्वतःहून. मीही घेतलं. महासतीजींनी विचारलं, “पाहिला का तो खेळ?” म्हटलं, “पाहिला.” “मग?” म्हटलं, “अजून विचार चालू आहे.” त्या म्हणाल्या, “चांगलं आहे,” आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

२४ ऑगस्ट, रविवार

घसा बरा झाला. घर फार शांत आहे. पूर्वीही असंच होतं बहुतेक.

बाई म्हणाली, “ते पोट्टे कसे असतीन तिथं? उचलाले कोणी नाई त्याईले.”

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल संवत्सरी झाली. आज खमतखामणा. सकाळपासून लोक येऊन हात जोडून वर्षभराच्या चुकांची माफी मागतात, आपणही मागतो. दौलतसिंग आमच्यातला नाही, पण तो दरवर्षी येतो. “शेठ, मिच्छामी. तुमच्या चहाले तीनदा नावं ठेवली या वर्षी.”

दरवर्षी मी पहिल्यांदा निताला म्हणत असे. या वर्षीही म्हटलं, फोटोपुढे. चार मिनिटांसाठी.

मग त्रिशला आली. पाया पडली, म्हणाली, “मिच्छामी दुक्कडं पप्पा. वर्षाचं.”

“मिच्छामी दुक्कडं बेटा. माह्यंबी वर्षाचं.”

ती गेली नाही. “मले एक वेगळं म्हणायचं हाय. वर्षाच्या ढिगात नाई टाकायचं ते.”

मला वाटलं, त्या गोळीचं असेल.

“मम्मीनं हो नव्हतं म्हटलं.”

मी बसलो. “मंग? नाई म्हटलं होतं?”

“नाईबी नव्हतं म्हटलं.”

“मंग काय म्हणली होती?”

“ते म्हणे, पप्पाले विचार.”

बाहेर कोणीतरी आलं होतं. बाईने त्यांना बाहेरच बसवलं.

“अन् तू मले विचारलं काहून नाई?”

“दिवाळीत तुमी सीझनमध्ये होते. मंग मम्मी गेली. मंग तुमी बोलतच नव्हते. कोणाले विचारू?” ती जमिनीकडे बघत होती. आज ती जगाकडे गेली नाही. “म्हटलं मम्मीचं नाव घेतलं तं तुमी आयकान.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला असेन, कारण ती म्हणाली, “पप्पा, दहा सेकंद झाले.”

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. सकाळी पचखाण संपल्यावर तिने तूफान_७ ला गेममधून संदेश पाठवला, ‘मिच्छामी दुक्कडं.’ त्याचं उत्तर आलं होतं. ‘ये कौनसा चीट कोड है दीदी? मुझे भी बताओ.’

बाईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मंग सांग ना त्याले. चांगला पोट्टा दिसते.”

२९ ऑगस्ट, शुक्रवार

संमती मागे घेण्याचंही बटण असतं. सकाळी ते दाबलं. त्रिशलाचं तोंड उतरलं. मी म्हटलं, “आता पुन्हा माग. मलेच माग.”

“काय मागू?”

“जे मागायचं होतं ते.”

ती दुकानाच्या पायरीवर उभी राहिली, ओढणी नीट केली, आणि एखाद्या कचेरीत बोलावं तसं बोलली. “पप्पा, मले बुरुज खेळायचा हाय. मी तेरा वर्षाची हावो. खेळू काय?”

संदेश आला. दहा मिनिटं. मी शटर अर्धं खाली केलं आणि बसलो.

या वेळी निता काय म्हणाली असती ते मी शोधलं नाही. ते तिने सांगूनच ठेवलं होतं. मी फक्त जे पाहिलं ते आठवलं. खेळात मारामारी आहे आणि ती खेळताना मजा येते, हे मला आवडत नाही. सोळा हा आकडा कोणीतरी विचार करूनच टाकला असणार. दुसऱ्या बाजूला, मंजू आता रंजीताला अडवत नाही, बाई संध्याकाळी खुर्ची आणून बसते, आणि माझी मुलगी माझ्याशी बोलते. एकटीने खेळली तर वेगळं. मी सोबत असताना वेगळं. चूकही असेल. चूक असली तर माझी असेल.

सात मिनिटं झाली तेव्हा कोड सांगितला.

“हे मी म्हणतो,” तिला म्हटलं. “तुही मम्मी नाई. सोळाची होईपर्यंत माह्यासोबतच, अन् सूर्यास्तापर्यंत.”

“अन् गोळीचं?”

“ते तू ठरव. चालवली तं मले सांगायचं, लपवायचं नाई.”

“अन् तुमी?”

“मी उचलतो.”

ती हसली. म्हणाली, “माहीत हाय. साऱ्या बेटाले माहीत हाय.”

दुपारी ड्रॉवरमधून मशीन काढली. वायर पुसली. चालते.

३० ऑगस्ट, शनिवार

खेळ चालू असताना रिठदच्या कमलीबाई आल्या, म्हणून फोन वरच ठेवून मी खाली आलो. वस्तीवरच्या देवळाला भंडाऱ्यासाठी मोठा गंज, म्हणजे पातेलं, द्यायचा आहे त्यांना. तळात दोन पोरं बसतील एवढा. म्हणाल्या, “नाव टाकून द्याल ना शेठ? मोठं टाका. भंडाऱ्यात दुरून दिसलं पायजे. पुढच्याले कळू द्या का मी अजून जिती हावो.”

टाकतो म्हटलं. चौकात पाठवलं नाही. गंज पायात धरला, मशीन लावली. आठ महिने हात लावला नव्हता, पण हाताला आठवत होतं. कमलीबाई बाकावर बसून लक्ष ठेवत होत्या. “क जराशी वाकडी झाली काय?” “नाही.” “मले वाकडी दिसली.” “तुमी वाकून पाहून राह्यले.”

ली ची वेलांटी पुरी झाली. तेवढ्यात वरून आवाज आला.

“पप्पा, वर या! रंजीता पडली!”

माझा हात थांबला. घड्याळात सहा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. सूर्यास्त सहा एकेचाळीसला.

कमलीबाई उठून उभ्या राहिल्या. “अगं माय! कोण पडलं?”

“खेळात,” मी म्हटलं.

“मंग खेळातच पडलं ना. माह्यं नाव तं पुरं करा. जराकच राह्यलं.”

मी मशीन खाली ठेवली. जिन्यापर्यंत पोचलो तेव्हा त्या मागून ओरडत होत्या, “शेठ! दोन अक्षरं राह्यली ना हो! दोन अक्षराले किती टाइम लागते!”

रंजीता उठली. मग त्रिशला पडली, तीही उठली. बारावे आलो.

खाली आलो तोवर कमलीबाईंची गाडी निघून गेली होती. शेजारच्याकडे निरोप ठेवून गेल्या, की शेठले सांगा, भंडारा मंगळवारी हाय. दौलतसिंग उद्या सकाळच्या रिठदच्या गाडीत गंज ठेवून नेतो म्हणाला, अर्धं तिकीट लावून.

गंजावर सध्या ‘कमली’ एवढंच आहे. बाकीचं सकाळी.